घर वैशाखात बघावं

लातुरात घर घ्यायचं ठरलं की माणूस आधी बँकेत जात नाही, गुरुपादप्पांच्या ओट्यावर जातो, असं त्यांच्या गल्लीत गमतीनं म्हणत. गंमत होती, पण खोटी नव्हती. गुरुपादप्पांची सगळी हयात डाळीच्या अडतीत गेली होती. मूठभर तूर तळहातावर पसरून ती कुठल्या शिवारातली, किती भिजलेली, हे सांगणारा माणूस. अडत सुटली, पण पारख सुटली नाही. मग ते घरं पारखू लागले. सल्ला फुकट, वर उमादेवींच्या हातचा चहा.

"रंगावर भुलू नगा," ते सांगत. "कपाट भितीला चिकटून आसलं तर सरकवून बघा, मागं ओल आसती. कागदं वकिलाला दाखवा, पण शेजारणीलाबी इचारा. वकिलाला न्हाई ते तिला ठावं आसतंय. आन् घर बघायचं ते वैशाखात. दिवाळीत समद्याच बोअरला पाणी आसतंय. अंगणात पिंपं दिसली का नुसतं राम राम करायचं, चपला घालायच्या आन् निघायचं."

पिंपांचा हा सल्ला फार गाजला. कोपऱ्यावरच्या अमृतराव शिंप्यानं तेवढ्या एका वाक्यावर हातातलं चांगलं पूर्वाभिमुख घर सोडून दिलं होतं आणि अजून तो ते अभिमानानं सांगायचा.

आता दिव्याखाली अंधार असतो हे काही नवं नाही. गुरुपादप्पांच्या स्वतःच्या घरामागं, न्हाणीच्या आडोशाला, निळ्या प्लास्टिकच्या पिंपांची रांग होती. होळी झाली की त्यांचा बोअर आटायचा आणि पाऊस लागेपर्यंत घर टँकरवर जगायचं. पुढच्या ओट्यावर बसणाऱ्याला मागची न्हाणी कशाला दिसते? आणि ज्याच्याकडं सल्ला मागायला आलो त्याच्याच घराची झडती कोण घेतो?

म्हातारपणी नवराबायकोनं नांदेडला, थोरल्या अमरेशकडं जायचं ठरवलं. त्याच्याच बिल्डिंगमध्ये खालचा फ्लॅट मिळत होता. गुडघे थकले होते, पोराचा आधार हवा होता हे खरं, पण त्याहून खरं कारण उमादेवींनी एकदा शेजारणीला सांगितलं होतं, "तिथं नळाला रोज पाणी येतंय गं." म्हणजे पाण्यासाठी घर सोडायचं आणि पाण्याचं न सांगता ते विकायचं, असा हा बेत होता.

बेत अमरेशचा, असं गुरुपादप्पा मनाशी म्हणायचे. "अप्पा, पाण्याचं सांगत बसलाव तर हे घर तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत विकनार न्हाई," असं तो म्हणाला होता. दिवाळीच्या आधी तो आला, पिंपं ऑटोत घातली आणि चुलतभाऊ वीरेशच्या दालमिलमध्ये पोत्यांमागं ठेवून आला. जिथं पिंपं होती तिथं तुळशीच्या कुंड्या मांडल्या. उमादेवी दारात उभ्या राहून बघत होत्या. "दुसऱ्याला सांगताव त्ये आपल्याला न्हाई का?" एवढंच त्या म्हणाल्या. गुरुपादप्पांनी पेपर उघडला. पोरानं केलं, आपण काही केलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि व्यापाऱ्याला स्वतःला समजावणं फार जड जात नाही.

घर बघायला मंजुश्री आली ती दिवाळीनंतर. किनवटकडच्या आश्रमशाळेत तिची बरीच वर्षं नोकरी झाली होती. आता लातुरात बदली झाली होती. सोबत आई, निलम्मा. आपल्यातलेच, उदगीरकडचे लिंगायत. बोलता बोलता दूरची सोयरीकही निघाली. मंजुश्रीनं खोल्या बघितल्या न बघितल्यासारख्या केल्या आणि सरळ मागच्या नळाशी गेली. नळ सोडला. धो धो पाणी आलं. ती बराच वेळ धारेखाली हात धरून उभी राहिली.

"अप्पा, मी लहानपणी वसतिगृहात शिकले, नोकरीही वसतिगृहातच केली," ती हसत म्हणाली. "जन्मभर नळावर नंबर लावलाय. आधी पोरींच्या मागं, मग पोरींच्या पुढं. मला आपला एक नळ पाहिजे. बाकी घर कसंही चालेल. उन्हाळ्यात पाणी राहतं ना?"

सगळं लातूर ज्याला विचारून घर घेतं त्यालाच ती विचारत होती. तिला वाटलं असणार, याहून पक्की चौकशी कुठली?

"आजवर ह्या घरातून कुनी तान्हेला गेला न्हाई, बाळ," गुरुपादप्पा म्हणाले.

शब्द तोंडातून निघाला आणि त्यांना तो आवडलाही, ही खरी लाजेची गोष्ट. अडतीत भिजलेला माल खपवताना असाच शब्द सुचायचा. खोटा म्हणून कुणाला पकडता येऊ नये असा. उमादेवींनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या त्या पाहुणे उठेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

गुरुपादप्पांचा हिशेब होता, संक्रांतीला ताबा देऊन मोकळं व्हायचं. तोवर बोअर भरलेला. पुढं वैशाखात आटला तर म्हणता आलं असतं, पाऊसमान कमी झालं, आता जमिनीतल्या पाण्याचं कोण काय सांगणार. पण निलम्मा बोलली. "मंजूचं कर्ज पास व्हायला वेळ हाय. ताबा आपून बसव जयंतीला घिऊ. त्या दिवशी जंगमाची पादपूजा करून घरात पाऊल ठिवू."

त्या दिवशी नको, हे लिंगायताच्या तोंडातून कसं निघणार? याहून मोठा दिवस आपल्यात दुसरा नाही. कारण तरी काय देणार? गुरुपादप्पांनी दोन्ही हात जोडले आणि "लई बेस" म्हणाले. पाहुणे गेल्यावर ते ओट्यावर बसले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बसव जयंती येते ती वैशाखात.

मग मधल्या महिन्यांत कितीदा तरी त्यांनी फोन हातात घेतला. मंजुश्रीचाच फोन यायचा. भिंतीला रंग कुठला लावू, देवघर कुठं करू, अप्पा तुम्हीच सांगा. ते सांगायचे. देवघराची दिशा सांगायचे, पण बोअरचं नाही. इकडं नांदेडच्या फ्लॅटला तिनं दिलेला इसार गेला होता. होळी झाली, बोअर आटला. खरेदीखत झालं, तिथं तिनं सही करून त्यांच्या पायाला हात लावला, आणि त्यांनी आशीर्वाद दिला तो कसा दिला हे त्यांचं त्यांनाच माहीत.

बसव जयंतीच्या सकाळी, पाहुणे यायच्या आधी, त्यांनी टँकर बोलावून वरची टाकी काठोकाठ भरून घेतली. उमादेवींनी रिकामं घर हातात देऊ नये म्हणून घागर भरून उंबऱ्याशी ठेवली, तिला हळदकुंकू लावलं. "कुनाच्या पाण्यानं भरली मी ही?" त्या म्हणाल्या. गुरुपादप्पा टाकीच्या जिन्यावरून उतरत होते. गुडघे दुखत होते, ते बरं वाटलं. निदान काहीतरी दुखत होतं.

जंगम, म्हणजे आपल्यातले गुरू, आले. पाटावर बसले, पितळी परातीत पाय ठेवले. पाय धुवायचे आणि तेच पाणी तीर्थ म्हणून घरच्यांनी घ्यायचं, असा तो विधी. मंजुश्री नवं इरकल नेसून तांब्या घेऊन उठली, नळाकडं वळली.

"टाकीतलं शिळं नगं," निलम्मा म्हणाली. "घराच्या बोअरचं ताजं घे. मोटार लाव अन् पायपाखाली तांब्या धर."

गुरुपादप्पा "लाईट न्हाई" म्हणणार होते, पण डोक्यावर पंखा फिरत होता. मंजुश्रीनं बटण दाबलं. मोटार घरघरली. पायपातून हवा आली, थोडी लाल माती आली, पुन्हा हवा आली. ती तांब्या धरून उभी राहिली, दिवाळीनंतर धारेखाली हात धरून उभी राहिली होती तशीच, त्याच जागी. जंगमांचे पाय कोरड्या परातीत होते. ते बिचारे हळूच म्हणाले, "असू द्या ताई, कुठलंबी पाणी चालतंय."

तिनं मोटार बंद केली. "अप्पा, मी विचारलं होतं," ती म्हणाली.

गुरुपादप्पांना वाटलं, आता निलम्मा ओरडेल, चार लोक जमतील, शिव्या खाव्या लागतील. खरं तर त्यांना शिव्याच हव्या होत्या. निलम्मा नुसती भिंतीकडं बघत बसली. उमादेवींनी उंबऱ्याची घागर आणून पुढं ठेवली, म्हणाल्या, "टँकरचं हाय. आजच सकाळी आनलंय," आणि रडू लागल्या. त्याच पाण्यानं पादपूजा झाली. तीर्थ घ्यायला सगळे वाकले तेव्हा गुरुपादप्पांचा हात पुढं होईना. लाजेनं मेल्याहून मेलं होणं म्हणतात ते त्यांना त्या दिवशी कळलं.

पूजा आटोपल्यावर मंजुश्री त्यांच्यासमोर येऊन बसली. आवाज शाळेत बोलावा तसा सरळ होता. "आता घर तर झालं. तुमच्याकडंच सगळे विचारतात, म्हणून मीही विचारते. टँकर कुणाचा चांगला? आणि पाणी भरून ठेवायला काय करायचं?"

गुरुपादप्पांनी टँकरवाल्याचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "पिंपं हाईत. म्या आनून देतो."

पूजेसाठी नांदेडहून आलेला अमरेश म्हणाला, मी संध्याकाळी आणतो, अंधार पडल्यावर. गुरुपादप्पांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. भर दुपारी ते वीरेशच्या मिलमध्ये गेले, पोत्यांमागून एकेक पिंप स्वतः ओढून काढलं आणि ऑटोत दोरीनं बांधलं. परतताना चौकात बसव जयंतीची मिरवणूक आडवी आली. ऑटो थांबला. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, ओळखीचं नाही असं एक तोंड नव्हतं. लोक हात करत होते, "शरणार्थ अप्पा" म्हणत होते, आणि मग त्यांची नजर पिंपांवर जात होती.

अमृतराव शिंपी गर्दीतून वाट काढत ऑटोपाशी आला. पिंपावर टकटक करून बघितलं.

"अप्पा, ही कुठं घिऊन चाललाव? घर तर इकलं म्हनं."

"त्याच घरात. तिथलीच हाईत."

अमृतराव हसला. "थट्टा करताव व्हय? पिंपं दिसली की घर घ्यायचं न्हाई, तुमीच तर सांगताव."

"हाव," गुरुपादप्पा म्हणाले. "म्हनून तर लपवली व्हती."