अक्काचा जबाब

अक्का माझी सवत. हे एकदा सांगून टाकलं की पुढचं सोपं जातं. तिला मूल होईना म्हणून आमच्या मालकांनी मला आणलं, आणि मलाही झालं नाही तेव्हा दोष कुणात होता ते साऱ्या वस्तीला कळलं. फक्त मालकांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते जाऊन अकरा वर्षं झाली. भांडायला कारण उरलं नाही, तरी सवय मोडू नये म्हणून आम्ही भांडत राहिलो. सायखेड्याजवळच्या वस्तीवर एका खोलीत दोघी, अंबूबाई आणि मी कुसाबाई.

गेल्या दिवाळीत नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की अक्काचा कॅन्सर हाडांत उतरलाय. आता फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या. त्या साध्या दुकानात मिळत नाहीत. दर पंधरा दिवसांनी तिला गाडीत आडवं घालून नाशिकला न्यावं लागतं. त्या दिवशी माझी द्राक्षं पॅक करायची मजुरी बुडते, आणि गाडीवाला वर पैसे मागतो. दोनदा नेणं जमलं नाही. तेव्हा अक्का पदराचा बोळा तोंडात धरून पडून राहिली आणि मलाच म्हणाली, "तू जा कामाला. मला काय धाड भरलीय?" तिचा असा राग आला मला, की बाहेर जाऊन रडले.

म्हणून मी अक्काच्या नावानं निराधार योजनेचा अर्ज भरला. सातवी शिकलेय, अक्षर चांगलं आहे. डॉक्टरांचा दाखला लावला, उत्पन्नाचा लावला, आणि घरी चौकशीला माणूस येईल म्हणून वाट पाहत बसले.

तो आला तेव्हा मी मागे धुणं धूत होते. अक्का ओट्यावर उशीला टेकून बसलेली. मोटारसायकलवरून पुरता न उतरताच त्यानं विचारलं, "आजी, आधार आहे का?"

गेली कित्येक वर्षं रेशनपासून गॅसपर्यंत जो येतो तो हेच विचारतो. अक्कानं ठसक्यात सांगितलं, "हाय की! एकदम पक्का हाय. कुसाऽ, ये गं!"

मी ओल्या हातानं धावत आले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं. मी पेटीतून अक्काचं आधार कार्ड काढून आणेपर्यंत तो गेलासुद्धा. "बघ, न बघताच खरं मानलं," अक्का म्हणाली. तिला फार बरं वाटलं होतं.

महिन्यानं अर्ज परत आला. शेरा होता, 'अर्जदारास आधार आहे.' मी दोनदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

तालुक्याच्या कचेरीत फेरचौकशीची तारीख मिळाली. गाडीत मी अक्काला पढवलं. "मी कोण विचारलं तर शेजारीण म्हणायचं. पुढं काय बोलायचं नाय."

"तीस वर्षं तुला शेजारीण म्हणायची पाळी आली नाय, ती आता आली व्हय?" ती कण्हत म्हणाली.

कचेरीतल्या मॅडम तरुण होत्या. अक्काला चालवेना म्हणून त्या स्वतः गाडीपाशी आल्या. मागोमाग कारकून कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला. आधारचा घोळ मी सांगितला तेव्हा मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. मग विचारलं, "आजी, ह्या तुमच्या कोण?"

मी डोळे मोठे केले. अक्कानं तिकडे पाहिलंच नाही.

"सवत हाय माझी."

मॅडमनी पेन थांबवलं. "लग्नाची नोंद आहे?"

"मी जिती असताना कशी व्हईल नोंद?"

"रेशनकार्डावर नाव?"

"नाय." हे मीच बोलले. माझ्या सगळ्या कागदांवर अजून वडिलांचंच नाव आहे. उभ्या आयुष्यात ह्या गोष्टीनं मला कमी रडवलं नाही, आणि त्या दिवशी मी ती हुशारीनं पुढे केली. "मॅडम, कागदावर मी हिची कुणीच नाय."

"मग प्रश्न मिटला," मॅडम म्हणाल्या. "जबाबात लिहू, अर्जदारास कोणीही नाही."

"असं नका लिवू," अक्का म्हणाली. तिचा आवाज इतका खणखणीत मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "ही माझी लुगडी धुती. मला आईवानी भरवती. आन् कुणी नाय? तिचं नाव लिवा."

"आजी, नाव लिहिलं तर घरात कमावतं माणूस दिसेल. मंजूर करता येणार नाही."

"मग नका करू."

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. मला अक्काला तिथंच मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. मी म्हणाले, "मॅडम, गोळ्यांनी डोकं ठिकाणावर नाय तिचं. मी शेजारीण. लिहा तुम्ही."

त्यांनी ते खरं मानलं नाही, हे मला दिसलं. तरी लिहिलं, आणि कागद अक्कापुढे धरून वाचून दाखवला. 'मला या जगात कोणीही नाही.' खाली अंगठ्याला जागा होती.

अक्कानं मूठ आवळून घेतली. तिच्या हाताची नुसती काडी झालेली, पण ती मूठ मला सुटेना.

"अक्का," मी तिच्या कानाशी म्हणाले, "तू कण्हतीस ते मला ऐकवत नाय गं. माझ्यासाठी दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बोटं ढिली सोडली. पण अंगठा तिच्यानं उचलवत नव्हता. मी तो धरला, शाईला लावला आणि तिला कोणीही नाही असं लिहिलं होतं त्याच्या खाली, पुसट उठू नये म्हणून, नीट दाबून धरला.