शनिवारचा गलका

दाक्षायणीचे दोन्ही डोळे गेले हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी डॉक्टर सगळं शिवपुत्रकडं बघून सांगत होते. काचबिंदू आहे, यायला उशीर झाला, आता उजेड-अंधार कळेल, त्यापलीकडं काही नाही. शिवपुत्र नुसती मान हलवत होता. शेजारच्या स्टुलावरून दाक्षायणी म्हणाली, "डॉक्टर, डोळे माझे गेलेत. यांचे ठणठणीत आहेत. माझ्याशी बोला की."

डॉक्टर थांबले. मग तिच्याकडं तोंड करून त्यांनी पहिल्यापासून परत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वाचायचं बंद?"

"हो, वाचणं आता जमणार नाही."

"ते मी बघते," ती म्हणाली आणि उठली. बाहेर रिक्षात बसताना तिचं कपाळ वरच्या दांडीला आपटलं. शिवपुत्रनं दंड धरला. तिनं झटकला. सात रस्त्याच्या चौकात मात्र तिनंच चाचपडत त्याचा हात शोधला.

भवानी पेठेत शिवपुत्रचं भुसाराचं दुकान होतं. ज्वारी, तूर, शेंगदाणे. तो सातवीपर्यंत शिकलेला आणि पुढं वाचनाची त्याला गरजही पडली नव्हती. वाचायची ती दाक्षायणी. दुपारी दुकानात बसली की मांडीवर पुस्तक असायचं आणि गिऱ्हाईक समोर उभं राहून खोकायचं. डोळे गेल्यावर नातेवाईक भेटायला येऊ लागले. तिच्या समोर बसून शिवपुत्रला विचारायचे, "वैनी जेवल्या का? झोप लागते का त्यांना?" ती म्हणायची, "वैनी इथंच बसल्यात. त्यांना विचारा."

महिनाभर तिनं हे सोसलं. मग पेठेतल्या वाचनालयात गेली आणि समितीपुढं उभी राहून खालची मोठी खोली मागितली. दर शनिवारी संध्याकाळी. नजर गेलेली माणसं जमतील आणि कुणीतरी मोठ्यानं वाचेल. वाचनालयात मोठ्यानं वाचत नाहीत, असं समितीवाले म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही डोळ्यांनी वाचता म्हणून. आमचं वाचणं कानांनी असतं, त्याला आवाज लागतो. मी वीस वर्षं वर्गणी भरलीय. नियमात कुठं लिहिलंय की सभासदाला डोळे पाहिजेत?" तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. खोली मिळाली.

माणसं तिनं डोळ्यांच्या दवाखान्याच्या बाकावरूनच गोळा केली. कुंभारीच्या कामगार वसाहतीतला सिद्धाप्पा, पॉवरलूमवर आयुष्य काढलेला. साखरेनं त्याची नजर नेली होती. मैंदर्गीची महेश्वरी, शाळेत शिक्षिका, चाळिशीही न गाठलेली. तिला समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, बाजूचं सगळं गेलेलं. आणि कस्तुराबाई, सांगोल्याकडची, जन्मभर शेळ्या राखलेली, आता लेकीकडं राहायला आलेली. तिला अक्षरओळख कधीच नव्हती. ती म्हणायची, "डोळं व्हतं तवा कुणी पुस्तक दावलं न्हाय. आता डोळं गेलं तर पुस्तकं मिळाली. मी कुणावर रागावू, सांगा की."

शनिवारचा रिवाज दाक्षायणीनं घालून दिला होता. चहा येईपर्यंत रडून घ्यायचं. सून ताट सरकवून काही न बोलता निघून जाते, बसवाला स्टॉप सांगत नाही, रस्ता ओलांडायचा नसताना माणसं हाताला धरून पलीकडं नेऊन सोडतात, जे असेल ते. ज्याला त्यातून निघायचा उपाय सापडलाय त्यानं तो सांगायचा. सिद्धाप्पानं पाण्याचा पेला बोट न बुडवता आवाजावरून कसा भरायचा हे सगळ्यांना शिकवलं. चहा आला की रडणं बंद, पुस्तक सुरू. आणि प्रकरण संपलं की भांडण. पुस्तकातलं कोण बरोबर, कोण चूक, यावर एकेकानं मत द्यायचं. या भांडणाचा गलका वरच्या मजल्यापर्यंत जायचा.

वाचायला आधी कॉलेजातली एक मुलगी यायची. ती फार भाव ओतून वाचायची. दुःखाचं आलं की तिचा गळा दाटायचा. कस्तुराबाईनं एकदा सांगून टाकलं, "पोरी, तूच समदं रडून घेतीस, आमाला काय उरत न्हाय." दाक्षायणीनं मग नवऱ्याला बसवलं. शिवपुत्र तुरीचा भाव सांगितल्यासारखा वाचायचा. कुठं अडखळला तर अडखळायचा, पण गाळायचा काही नाही. सगळ्यांना तेच आवडलं.

अशी तीन वर्षं गेली. मग एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत दाक्षायणी गेली. तिला रुद्रभूमीत माती देऊन शिवपुत्र घरी आला आणि त्या दिवसापासून त्याचं बोलणंच आटलं. दुकान उघडायचा, माल तोलायचा. शनिवारी अर्धवट राहिलेलं वाचनालयाचं पुस्तक गल्ल्याशेजारी पडून होतं. खुणेला टॉवेलाच्या किनारीची पट्टी घातलेली. ते उघडायचं त्याला धाडस होत नव्हतं. शनिवार येऊन गेला, तो गेला नाही.

वाचनालयाचे कार्यवाह प्रभुलिंग दुकानात आले. माणूस वाईट नव्हता. शेंगदाण्याच्या पोत्यावर टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी वैनींची शोकसभा ठेवलीय. त्यांचा एक फोटो द्या. आणि त्यातच तुमच्या वाचनाचाही समारोप करून टाकू. वर पोरं परीक्षांचा अभ्यास करतात, तक्रारी येतात. वैनी होत्या म्हणून समितीनं चालवून घेतलं. आता मोबाइलवर वाट्टेल तेवढी पुस्तकं ऐकायला मिळतात. त्या लोकांना घरबसल्या ऐकता येईल, हाल होणार नाहीत."

शिवपुत्र "बरं" म्हणाला. फोटो दिला.

"आणि ते पुस्तकही जमा करून टाका," जाताना प्रभुलिंग म्हणाले.

शनिवारी तो पुस्तक घेऊन निघाला तेव्हा मोठी बहीण अंबुबाई दारात आडवी आली. भावाला सोबत म्हणून ती राहिली होती. "शिवू, फोटोला हात जोड आणि सरळ घरी ये. लोकांत गोष्टी वाचत बसू नकोस. सुतक आहे घरात."

"आपल्या लिंगायतांत सुतक कुठं असतं, अक्का? स्वामी परवाच सांगून गेले ना?"

"सुतक नसलं तरी लाज असते की!"

"पुस्तक परत द्यायला निघालोय," शिवपुत्र म्हणाला. आणि खरंच त्याच्या मनात तेवढंच होतं.

खोलीत खुर्च्या ओळीनं मांडल्या होत्या, सगळ्या एका दिशेला. पुढं टेबल, टेबलावर हार घातलेला फोटो, उदबत्ती. समितीची चार माणसं, वरच्या मजल्यावरची काही पोरं. तेवढ्यात दारातून खडखडाट झाला. कस्तुराबाई खुर्चीवर आदळली होती.

"ह्या खुर्च्या कुनी फिरवल्या? रोज गोल असत्यात की!"

"आजी, आज सभा आहे," एक पोरगं म्हणालं.

"सबा हाय तर मानसाचा गुडघा फोडायचा व्हय?"

तिच्यामागून सिद्धाप्पा आणि महेश्वरी आले. तिघांना पुढच्या ओळीत बसवलं. शिवपुत्र कडेला बसला, पुस्तक मांडीवर. प्रभुलिंग बोलायला उभे राहिले. दाक्षायणीवैनींची जिद्द, त्यांचं वाचनप्रेम, त्यांनी या अंध बांधवांसाठी लावलेला दिवा, आणि आता मोबाइलवर घरबसल्या ऐकता येणारी पुस्तकं. सिद्धाप्पानं वाकून महेश्वरीला विचारलं, पण त्याचं कुजबुजणं लूमच्या आवाजात तयार झालेलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "समोर काय ठेवलंय गं? वास उदबत्तीचा येतोय."

महेश्वरीनं मान इकडंतिकडं फिरवून फोटो आपल्या नळीत पकडला. "फोटो आहे काकूंचा. हार घातलाय."

"कुणाला बघायला? आमाला दिसत नाही, तिला गरज नाही."

"कुठल्या तरी लग्नातला आहे," महेश्वरी म्हणाली. "काकू चिडलेल्या दिसतायत."

मागं एक पोरगं हसलं. प्रभुलिंग खाकरले आणि त्यांनी भाषण आवरतं घेतलं. "तर वैनींना आदरांजली म्हणून आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. त्यानंतर या उपक्रमाचा समारोप झाला असं मी जाहीर करतो."

खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. शिवपुत्रही राहिला. पुढची ओळ तेवढी बसूनच होती.

"उभं राहा, काका," कुणीतरी सिद्धाप्पाच्या खांद्याला हात लावला.

"कशाला?"

"दोन मिनिटं शांत राहायचंय."

"तुमी ऱ्हावा," सिद्धाप्पा म्हणाला. "तुमाला सवय हाय. ती असताना या खोलीत आमी कधी दोन मिनिटं गप्प बसलो नाही. आता ती गेल्यावर बसू? ती काय म्हणेल?"

"गप बसायचं आसतं तर ती घरातच बसली आसती की," कस्तुराबाई म्हणाली. "हितं कशाला आली आसती?"

"आजी, हा वैनींचा मान आहे," प्रभुलिंग म्हणाले.

"मान मला बी कळतो, बाबा. आमच्यात मानूस गेलं की बाया मोठ्यानं गळा काढत्यात. तिचं एक एक सांगून रडत्यात. त्यो मान. तोंड मिटून हुबं ऱ्हायचं ह्यो कसला मान? आन समारोप म्हंजी काय ते बी सांग. खोली बंद?"

प्रभुलिंग फोटोचा हार सरळ करू लागले.

"खोली बंदच की," महेश्वरी म्हणाली. "म्हणून तर मोबाइलची गोष्ट निघाली. सर, मोबाइल माझ्याकडं आहे. त्यावर पुस्तकं आहेत, मी ऐकते. पण मोबाइलशी भांडता येत नाही. मी एसटीनं मैंदर्गीहून इथवर फुकट चहासाठी येत नाही. भांडायला येते." मग ती वळली, बाजूला शोधत शोधत तिनं शिवपुत्रला नजरेत धरला. "काका, पुस्तक आणलंय ना?"

"आणलंय," शिवपुत्र म्हणाला. "परत करायला."

"आधी राहिलेलं वाचा."

"ओद्री," सिद्धाप्पा कानडीत म्हणाला. वाचा. मग आवाज चढवून, "ओद्री की, शिवपुत्रअण्णा!"

सगळे अजून उभेच होते. शिवपुत्रला समजत होतं की आता पुस्तक टेबलावर ठेवलं तर सगळं संपेल, दाक्षायणीनं समितीशी झगडून मिळवलेली खोलीसुद्धा. त्यानं आपली खुर्ची उचलली, पुढच्या ओळीसमोर आणून ठेवली, टेबलाकडं पाठ करून. खाली बसला आणि पट्टी काढली. अक्षरं दिसत होती, पण आवाज येईना. पहिलं वाक्य त्यानं तीनदा सुरू केलं.

"घाई न्हाय," कस्तुराबाई म्हणाली.

चौथ्यांदा ते निघालं. कादंबरीतली बाई दुष्काळात म्हाताऱ्या सासऱ्याला गावात एकटा ठेवून शहराकडं निघून गेलेली होती. ती चूक, असं मागच्या खेपेला तिघांचंही मत पडलं होतं. एकटी दाक्षायणी बाईच्या बाजूनं भांडली होती. आता या प्रकरणात बाई शहरात कामाला लागते आणि सासऱ्याला न्यायला माणूस पाठवते, आणि म्हातारा यायला नकार देतो. शिवपुत्र भाव सांगितल्यासारखा वाचत गेला. मध्ये एकदा थांबला, धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि सुटलेल्या ओळीवर परत आला. पोरं खाली बसली. समितीवालेही बसले. प्रभुलिंग तेवढे फोटोजवळ उभे होते, शेवटी तेही बसले.

प्रकरण संपलं आणि कस्तुराबाईनं मांडीवर थाप मारली. "बाई बरूबर हाय! माजं मत फिरलं. तिनं मानूस धाडला हुता की!"

"पाठवला म्हणून काय झालं? आधी सोडून गेली ना? चूकच," सिद्धाप्पा म्हणाला.

"मी बाईच्या बाजूनं," महेश्वरी म्हणाली.

"मग दाक्षायणीवैनीचं मत धरा बाईकडं, विषय मिटला," मागचा गलका वर बसून ऐकलेलं एक पोरगं मागून म्हणालं. त्याला वाटलं, सगळ्यांना बरं वाटेल.

"नाही," महेश्वरी म्हणाली. "हे प्रकरण त्यांनी ऐकलेलं नाही. न ऐकता मत दिलेलं त्यांनाच चालायचं नाही. आम्हाला किती वेळा गप्प केलंय त्यांनी."

मग सिद्धाप्पा म्हणाला, "अण्णा, तुमी सांगा. तुमचं काय मत?"

शनिवारी वाचणाऱ्याला मत नसायचं. त्याच्या हातात पुस्तक, तो पुढचं बघू शकतो, म्हणून. शिवपुत्र उठला. पुस्तक घेऊन प्रभुलिंगांपुढं गेला. "सर, हे धरा. पुढचं प्रकरण तुम्ही वाचायचं."

"मी?"

"हळू वाचलं तरी चालेल. गाळायचं मात्र काही नाही." आणि पुस्तक त्यांच्या हातात ठेवून तो परत येऊन बसला. "आता माझं मत ऐका. तीन वर्षं ती मला घरी विचारत होती, कोण बरोबर, कोण चूक. मी म्हणायचो, मला काय कळतंय. पण कळत होतं. ही बाई चुकली. तिनं स्वतः जायला पाहिजे होतं न्यायला. माणूस कसला पाठवते?"

"अगं बया!" कस्तुराबाई ओरडली. "बायकू गेली आन नवरा फितूर झाला!"

"आता दोघं तिकडं, दोघं इकडं," सिद्धाप्पा खूष होऊन म्हणाला.

गलका असा माजला की वर राहिलेली दोन पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. "खुर्च्या गोल करा रे आधी," महेश्वरी म्हणाली, आणि समितीतल्याच एकानं उठून खुर्च्या फिरवायला सुरुवात केली. प्रभुलिंगांनी चष्मा लावला. पान उलटलं. "मोठ्यानं, सर," शिवपुत्र म्हणाला, "कस्तुराबाईंना तुमचा वाचायचा आवाज ओळखीचा नाही."

त्यांनी वाचलं. बरं वाचलं.

समारोप झाला की नाही, याबद्दल त्या संध्याकाळी कुणी काही बोललं नाही. खोली पुढं शनिवारची राहणार का, हे समितीनं अजून ठरवलेलं नाही. पुस्तकाची शेवटची काही प्रकरणं वाचायची राहिली आहेत.