उंदरांचा वाटा

"म्हंजे तू मुद्दाम भिंत गळती केलीस म्हण की!" कुडाच्या फटीत शेणमाती दाबता दाबता जानी म्हणाली.

नवशीला हसू आलं. मुंबईच्या प्रयोगशाळेतलं आपलं काम आईला कसं सांगावं, याच विचारात ती तलासरीपर्यंत डुलक्या काढत आली होती. शेवटी घराची भिंतच मदतीला धावून आली.

"तसंच गं आये. आतड्याला आतून बारीक पेशींची भिंत असते. पेशींमधल्या फटी बुजवणारं लिंपण असतं. ते लिंपण बनवणारं जनुक आम्ही उंदरांत बंद केलंय. आता काय काय गळतं, ते बघायचं."

"आन् गळलं का?"

"मग तुझ्यासारखं होतं त्यांना. पोटात कळा येतात, रक्त पडतं."

जानीचा हात थांबला. डहाणूच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तरी दुखणं हटत नव्हतं आणि लाजेपायी तिनं ते पाड्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. आपल्यासारखंच आणखी कुणाचं दुखतं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"बिचारी," ती म्हणाली. "मंग माझं औषध निघंल ना त्यातनं?"

"निघेल कधीतरी," नवशी पुटपुटली. त्या 'कधीतरी'ची तिची तिलाच लाज वाटली.

दुपारी ओल्या भिंतीशेजारी तिचा डोळा लागला. भिंतीतून पांढरे उंदीर बाहेर येत होते. गळती दिसावी म्हणून प्रयोगात पाजतात त्या चमकत्या रंगाचा हिरवा उजेड त्यांच्या पोटांतून झिरपत होता. आई एकेकाच्या पोटावर मातीचा हात फिरवी आणि उजेड आतच राही. नवशीला जागं व्हावंसंच वाटेना.

त्या घरात नवा तांदूळ देवाला आणि पितरांना दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. संध्याकाळी जानीनं नैवेद्य मांडला आणि एक मूठ बाजूला काढून फडक्यात बांधली.

"ही तुझ्या उंदरांना. माझ्यासाठी सोसतात, त्यांचा वाटा नको?"

त्यांना बाहेरचं काही चालत नाही, हे सांगायला नवशीची जीभ रेटेना. डहाणू रोडहून गाडी सुटली, तेव्हा ती पुरचुंडी तिच्या मांडीवरच होती.

प्रयोगशाळेत पिंजरे धुऊन उपडे घातले होते. आतडी तपासायची तर उंदीर मारावेच लागतात. मारायचा दिवससुद्धा नवशीनंच ठरवून दिला होता. लिंपणावाचून भिंत गळते, हे पक्कं झालं होतं. औषध अजून फार लांब होतं. एरवी ती पुढच्या कामाला लागली असती, आज मात्र ती पुरचुंडी हातात घेऊन रिकाम्या पिंजऱ्यांपाशीच उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलीस का गं? खाल्ला का त्यांनी तांदूळ?"

नवशीनं गाठ सोडली. घरच्या शेताचा वास आला. तिनं चिमूटभर दाणे तोंडात टाकले आणि ती सावकाश चावू लागली.

"खातायत, आये."

 फोन कानाशी धरून जानी दाणे चावल्याचा आवाज ऐकत राहिली.