तणसाची जागल

कोलूचं लग्न झालं ते साल एकोणीसशे चौपन्न. नवरदेवाचा थोरला भाऊ म्हणून इसरूला मांडवात बायकोशेजारी बसणं भाग होतं. तो बसला, पण रंभेच्या आणि आपल्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"इसरूभाऊ, रंभा चटका देते का तुमाले?" एका बाईनं विचारलं. मांडव हसला. इसरूही हसला, पण जवळ सरकला नाही.

लग्नाआधीच्या हिवाळ्यात तो आलापल्लीकडे सागाच्या तोडीवर गेला होता. परतताना टोळी बल्लारशाला थांबली. दोन घोट पोटात गेले आणि तो एका बाईकडे जाऊन आला. एकदाच. महिनाभरानं लघवीला जळजळ सुरू झाली. आपल्याला गरमीचा गुप्तरोग लागला, असं त्याच्या मनानं घेतलं.

चांद्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काढून नागपूरला पाठवलं. लग्न आटोपल्यावर तो चिठ्ठी घ्यायला गेला.

"रक्त साफ आहे. उन्हाची जळजळ असेल, पाणी भरपूर प्या."

दिवाळीआधी त्यानं पुन्हा रक्त तपासायला दिलं. पुन्हा साफ. जळजळ तर केव्हाच थांबली होती. दोन्ही चिठ्ठ्या त्यानं बांबूच्या पोंग्यात घालून आढ्याला खोचल्या. त्याला वाचता येत नव्हतं आणि गावात कोणाला वाचायला द्यायची सोय नव्हती. त्याला वाटे, नागपूरला गेलं ते नुसतं रक्त. रोग इथंच अंगात बसून राहिला.

तोडीवरच्या एका म्हाताऱ्यानं गरमीवर बिब्याचं तेल सांगितलं होतं. तेल जितकं उतेल, फोड आणेल, तितका रोग बाहेर पडेल, म्हणे. हिवाळ्यात बिबे पिकले की इसरू ते वेचून आणी, तापवून तेल काढी आणि आडोशाला जाऊन लावी. फोड येत, कातडी सोलून निघे. मग तो स्वतःशीच म्हणे, डॉक्टर साफ म्हणत होता, हे काय मग?

रंभेला रोग लागू नये म्हणून तो वावरातल्या माळ्यावर, राखणीच्या मचाणावर, निजू लागला. जेवायला पळसाच्या पानांची पत्रावळ घेई आणि जेवण झालं की ती जाळून टाकी. धान कापून, मळून घरी आलं, वावरात नुसतं तणीस, धानाचा पेंढा, उरलं तरी माळा सुटेना.

"धान तं घरी आलं," रंभा म्हणाली. "आता काय तणसाची जागल करता? तणीस कोण चोरते जी?"

तो खाली मान घालून निघून गेला. रंभेनं तीन हिवाळे वाट पाहिली. चौथ्याच्या तोंडाशी तिनं लुगडी गाठोड्यात बांधली आणि जिवतीकडच्या डोंगरात, मायच्या घरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माह्या अंगाची घाण वाटते तं तसं सांगाचं होतं."

घाण कोणाच्या अंगात आहे हे तेव्हाही त्याच्या तोंडून निघालं नाही.

त्या हिवाळ्यात तो जंगलातल्या मंगरू गोंडाच्या अंगणात बिबे घ्यायला गेला. यंदा जवळचे बिबे लोकांनी आधीच वेचले होते.

"काऊन गा, नवा बैल जुपल्यावानी फाकून चालून राह्यला?" मंगरूनं विचारलं.

मंगरूचं गाव दुसरं, जात दुसरी. इथून गोष्ट गावात जाणार नाही. चार वर्षांत पहिल्यांदा इसरूनं सगळं सांगितलं. मंगरू बिबे निवडत ऐकत राहिला.

"तेल लावाच्या आंधी फोड होते का?"

इसरूनं आठवून पाहिलं. "नाई."

"उन्हाळ्यात राह्यते का?"

"नाई. बिबे सरले का सुकते."

"मंग लेका, तुले बिबा उतला! हातावर उतला तं पोट्टंबी ओळखते, अन् तिथी उतला तं गरमी?" मंगरूनं बिब्यांची टोपली त्याच्यापुढून ओढून घेतली. "जाय. तीळ वाटून लाव."

पंधरा दिवसांत कातडी बरी झाली. इसरू चालत डोंगरात गेला. रंभा अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. त्यानं उभ्यानंच सांगितलं. बल्लारशा सांगितलं, चिठ्ठ्या सांगितल्या, बिबा सांगितला.



"बल्लारशाचं मी पाहून घेईन," ती म्हणाली. "पण चार सालं बिब्यापायी? माह्या मायनं बिबे विकून आमाले पोसलं. मले एक डाव दाखवलं असतं तं उभ्या उभ्या सांगतलं असतं."

तिनं पाखडलेली ज्वारी भरून ठेवली आणि लुगडी पुन्हा गाठोड्यात बांधली.

ती परत आली. पत्रावळी बंद झाल्या, माळा मोडून त्याची लाकडं चुलीत गेली. पुढच्या सालच्या होळीनंतर गावात देवीची साथ आली आणि रंभेच्या अंगावर दाणे उठले. कोलू म्हणाला, "भाऊ, तू माळा बांध, वावरात राह्य." इसरू गेला नाही. तिच्या खाटेजवळच बसून राहिला आणि तिच्याच ताटलीत जेवला. त्याला काही झालं नाही.

रंभा त्याच साथीत, एकोणीसशे एकोणसाठच्या चैत्रात, मंगळवारी सकाळी वारली.