सिस्टरबाईंचे एक्केचाळीस कागद

समितीच्या साहेबांनो, सिस्टरबाईंच्या सकाळच्या पाळीतले पाहणीचे एक्केचाळीस कागद तुम्ही केराच्या टोपलीत टाकलेत, आणि त्यांना तातडीच्या विभागातून उचलून चादरींच्या खोलीत बसवलंत. तेही एका शब्दाने न विचारता.

औषधाच्या पाहणीचं काम साधं होतं. ताणाने डोकं आवळून आलेल्या माणसाला लाल किंवा निळ्या चिठ्ठीचं इंजेक्शन द्यायचं. कुठल्यात काय, ते ना बाईंना ठाऊक, ना पाहणी करणाऱ्या छोट्या डॉक्टरांना. तासाभराने विचारायचं, "दहापैकी आता किती दुखतंय?" दुपारच्या पाळीत लाल सरस ठरलं. बाईंच्या सकाळच्या पाळीत मात्र दोन्ही सारखीच, दुखणं सरसकट दोन-तीनावर.

एका सकाळी बाईंच्या मागचा पडदा सरकला. छोटे डॉक्टर बघतच राहिले. बाईंचा पंजा एका बसड्रायव्हरच्या कपाळावर होता, अंगठा भुवई दाबत होता.

"बाई, हे कधीपासून?"

"सव्वीस वर्षं. का?"

"अहो, मग कळणार कसं, गुण औषधाचा की तुमच्या हाताचा?"

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. सुई टोचली की हात आपोआप कपाळावर जायचा. कागद भरताना ते कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी हात काढला.

"ओ, काढू नका," ड्रायव्हर डोळे मिटूनच म्हणाला. "तुमचं काय ते भांडण नंतर भांडा."

डॉक्टरांनी खरं ते वर कळवलं. कळवणं भागच होतं. आठवड्याने बदलीचा कागद आला. बाईंनी सही केली. सव्वीस वर्षांचा विभाग, एका सहीत संपला. डॉक्टर मात्र बाकावर डोकं धरून बसले. बाई त्यांच्यापाशी गेल्या.

"चूक माझी होती. तुम्ही कशाला तोंड पाडताय? किती दुखतंय?"

"आठ."

"आता मी तुमच्या पाहणीत नाही ना?" बाईंनी पंजा ठेवला. "बाळा, खांदे सोड आधी."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.

"तीन," डॉक्टर म्हणाले. "पण लिहू कुठे?"

साहेबांनो, चूक बाईंनी कबूल केली आहे. लालचा गुण छापा, निळ्याचा छापा. पण निळं घेऊनही जी माणसं ताठ मानेने घरी गेली, ती कशाने गेली, हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का? चादरींचं डोकं दुखत नाही. बाई तिथे काय करतायत? लेखी उत्तर द्या.