सीलबंद रुमाल

प्लेगमुळे आमची कचेरी गाव सोडून माळावरच्या राहुट्यांत आली, त्याला तीन महिने झाले होते. माघात गावातले उंदीर पडायचे थांबले, तसं साहेबांनी मला बोलावून सांगितलं, पंधरा दिवसांनी, सोमवारी कचेरी परत न्यायची, बंदोबस्ताची योजना तुम्ही करा. दप्तर सांभाळणारा कारकून मी. माझा धाकटा भाऊ ज्ञानू याच साथीत दोन दिवसांत गेला होता. गावाच्या वेशीकडं पाहायचंही मी टाळायचो.

म्हणून मी योजना अशी केली की सगळे हसले. कौलं काढून आठ दिवस ऊन आत घेतलं, बिळं बुजवली, गंधकाचा धूर केला, भिंतींना चुना दिला. हसा म्हटलं, मरणार तुम्हीच आहात.

राहिलं दप्तर. जुने कागद लाल फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणतो. माझे चाळीस रुमाल साथभर गावातच, बंद खोलीत पडून होते. ते अंगणात उन्हाला टाकले. त्यातल्या एकाच्या दोरीवर लाखेचं सील होतं. तो भोरहून वरिष्ठांची सही आल्याशिवाय सोडायचा नाही, असा नियम. बाकीचे सोडले, तो तसाच ठेवला.

"दोरी सोडल्याबिगर ऊन आत कसं जाईल, भाऊसाहेब?" कुंडलिक म्हणाला. हा आमचा शिपाई, हिर्डोशीचा, बोलायला मोकळा.

"तुला कायदा शिकवायला ठेवलंय का?" मी खेकसलो. खरं सांगायचं तर तो बरोबर बोलला, म्हणूनच मला राग आला होता.

गुरुवारी त्यानं एकेक रुमाल खांद्यावर टाकून आत नेला. मी दहा पावलं लांब, नाकाला उपरणं लावून उभा. सीलवाला रुमाल शेवटचा. तो ओट्यावरच थबकला.

"ह्याला वास येतुया."

रुमाल तिथंच ठेव म्हटलं आणि त्याच घटकेला सहीसाठी भोरला कागद धाडला. सीलबंद रुमाल बेवारशी टाकता येत नाही, म्हणून कुंडलिकला त्याच्याशेजारी राखणीला बसवलं. मी मात्र माळावर परतलो. चार दिवस मी दर तासाला स्वतःची काख चाचपत होतो. कुंडलिकची काख एकदाही मनात आली नाही.

सोमवारी सही आली. कागद घेऊन मी धावत गेलो. ओट्यावर कुंडलिक घोंगडीत कुडकुडत पडला होता. त्याची बायको फुलाबाई उशाशी बसली होती.

"काखंत गाठ आलीया," ती म्हणाली.

मी होतो तिथंच थांबलो. तीच दहा पावलं.

"सई आली का?" कुंडलिकनं विचारलं.

"आली."

"मंग सोडतो म्या. तुमी लांबच ऱ्हावा, भाऊसाहेब." तो हातावर रेटा देऊन उठायला लागला. चार दिवस केलेली राखण त्याला पुरी करायची होती.

फुलाबाईनं त्याला खांद्याला धरून खाली निजवलं. मग माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, "कागुद तुमच्या हातात हाय. तुमी सोडा."

मला पुढं व्हायचं होतं, देवाशपथ व्हायचं होतं. डोळ्यांसमोर ज्ञानूचा काळवंडलेला चेहरा आला. पाऊल उचललं नाही.

तिनं थोडी वाट पाहिली. मग कंबरेचा विळा काढून तिनंच दोरी कापली. लाख फुटली, कुरतडलेले कागद ओट्यावर घसरले आणि त्यांतून तीन वाळलेले उंदीर पडले. तिनं ते विळ्याच्या टोकानं बाजूला सारले आणि पुन्हा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी सहीचा कागद धरून उभा होतो. त्यानंतर तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.