बोर्डाचं गिऱ्हाईक

एसटी स्टँडसमोरच्या स्टॉलवर त्या दिवशीच्या पेपराच्या सात प्रती उरल्या होत्या. विमलाने सातही मागितल्या.

"फोटो बेस आलाय हो काकू," स्टॉलवाला भागोजी गठ्ठ्याला सुतळी बांधत म्हणाला. "पाहुण्यांना पाठवायला ना?"

"होय," विमला म्हणाली.

गठ्ठा तिने पिशवीत आडवा घातला आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवली. रत्नागिरीत हा पेपर किती घरांत जातो ते तिला माहीत नव्हतं, पण त्यातून सात वजा करून काही साधत नाही, एवढं गणित येत होतं. तरी स्टॉलवरची रिकामी जागा बघून तिला जरा बरं वाटलं. आणि असल्या गोष्टीनं बरं वाटणारी बाई आपण आहोत, हे कळून लगेच वाईटही वाटलं.

घरी हरिश्चंद्र आठवी प्रत वाचत बसला होता. तिचा नवरा ट्रेझरीत हेडक्लार्क. कुठलाही मजकूर तो परिपत्रक वाचल्यासारखा, एकही शब्द न गाळता वाचत असे.

"'मी कुणाकडेही शिकले नाही. निसर्ग हाच माझा गुरू,' असे सौ. विमला सुर्वे यांनी सांगितले." तो थांबला. "तुझ्या त्या करीमचाचांचं नाव कुठं दिसलं नाही गो?"

"त्या मुलानं विचारलं नाही."

"विचारलंय की. हे काय. 'आपले गुरू कोण?'"

विमला कोथिंबीर निवडायला बसली. हरिश्चंद्राच्या बोलण्यात खोच नव्हती. दोन आकडे जुळले नाहीत तर तो विचारायचा, एवढंच.

"मथळा मात्र झकास," तो म्हणाला. "'पाणी काढायचं नसतं, ते उरतं!' हे कधी सुचलं तुला?"

कोथिंबीर निवडून झाली होती. विमलाने ती पुन्हा निवडायला घेतली.

तिला ते सुचलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली ती स्कूटरची नंबरप्लेट रंगवून घ्यायला खाडीकाठी राजिवड्यात करीमकडे गेली होती. करीम होड्यांवर नावं आणि नंबर घालायचा. नंबरातला आठ त्याने ब्रश न उचलता एका वळणात काढला आणि विमलाच्या तोंडून निघून गेलं, "परत काढा ना." करीमने चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं, प्लेट उलटी केली आणि मागच्या बाजूला दुसरा आठ काढला. मग ब्रश तिच्या हातात दिला. ती तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती आणि रांगोळीपलीकडे तिने आयुष्यात काही काढलं नव्हतं.

पहिले सहा महिने दर गुरुवारी नुसत्या रेघा. मग आकडे. मग आंब्याच्या पेटीच्या फळ्यांवर, होडीच्या उरलेल्या रंगात, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या. होड्या तिला बऱ्या जमायच्या. खाडी मात्र दर वेळी वाळत घातलेल्या निळ्या चादरीसारखी व्हायची. एका गुरुवारी करीम बराच वेळ तिच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, "पाणी काढू नका वहिनी. होडी काढा, चिखल काढा, होडीची सावली काढा. पाणी उरू द्या." त्या दिवशी तिच्या फळीवर पहिल्यांदा पाणी दिसलं.

प्रदर्शन गेल्या रविवारी झालं, शाळेच्या हॉलमध्ये, बावीस चित्रांचं. उद्घाटनाला मुंबईहून चित्रकलेचे एक प्राध्यापक आले होते. "कुठेही न शिकता इतका विश्वासाचा हात," ते म्हणाले. ते शब्द विमलाला नव्या साडीसारखे अंगावर बसले. नंतर पेपरवाल्या मुलाने वही काढून गुरूंचं विचारलं, तेव्हा करीमचं नाव तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण त्यामागून 'ते काय करतात?' हा प्रश्न आला असता आणि 'होडीवर नंबर घालतात' हे उत्तर. प्राध्यापक शेजारीच उभे होते. तिने निसर्गाचं नाव घेतलं. निसर्ग काही पेपर वाचणार नव्हता.

करीमला तिने निमंत्रण दिलं होतं. तो आला नाही. त्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवशी हॉलच्या दाराकडे बघताना तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आज गुरुवार होता. न जाण्यासाठी तिने दोन कारणं शोधली, दोन्ही हरिश्चंद्राला पटली असती. मग तिने साडी बदलली आणि रिक्षा केली. वाटेत ती मनात वाक्य जुळवत राहिली. 'चाचा, माझी चूक झाली,' इथून सुरुवात. ते पेपरात लिहिल्यासारखं वाटलं. 'चाचा, त्या मुलाने नीट लिहिलं नाही.' हे तर खोटंच होतं. राजिवड्याचा उतार आला तेव्हा तिच्याकडे एकही वाक्य नव्हतं.

करीमच्या घरामागे खाडीला लागून पत्र्याची शेड होती. पुढे दुरुस्तीला ओढून घेतलेली एक होडी ओंडक्यांवर उभी होती आणि करीम तिच्या नाकावर 'समीरा' हे नाव भरत होता. साठी उलटलेला सडपातळ माणूस, लुंगी, दोऱ्याने बांधलेला चष्मा. 'समी' झालं होतं.

"या वहिनी. आज उशीर."

आवाजावरून काही कळेना. विमला तिच्या नेहमीच्या पालथ्या डब्यावर बसली. पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला.

"चाचा," ती म्हणाली.

तेवढ्यात मागच्या दारातून झरीन सरबत घेऊन आली. करीमची ही सून, नवरा कुवेतला. सोनेरी काठाचे ते ग्लास त्यानेच पाठवलेले. विमलाला या घरात पहिल्यापासून त्याच ग्लासातून सरबत मिळायचं. घरची माणसं स्टीलच्या पेल्यातून पाणी पीत आणि तिला मात्र हा ग्लास. 'किती मानतात हो कलेला,' असं ती हरिश्चंद्राला अनेकदा म्हणाली होती.

आज झरीनच्या काखेत पेपरही होता.

"काकी, तुम्ही चित्रं काढता?"

विमलाला वाटलं, ही टोचून बोलतेय. पण झरीनचा चेहरा खरोखरच नवलाने भरला होता. विमलाने करीमकडे बघितलं. करीम रंगाच्या डब्यात बघत होता.

"आम्हाला काय ठाऊक," झरीन म्हणाली. "सकाळी फोटो बघितला आणि अब्बांना म्हटलं, ही तर तुमची बोर्डवाली."

"बोर्डवाली?"

"मग? तीन वर्षं झाली ना. शिवणाच्या क्लासचा बोर्ड करून पायजे. अक्षर पसंत नाही, रंग पसंत नाही, दर गुरुवारी येऊन फळीवर लावून बघतात. अब्बा म्हणायचे, गिऱ्हाईक चिकित्सक आहे पण चांगलं आहे, चांगल्या ग्लासातनं सरबत दे." झरीन हसली. "खोटं कशाला बोलू, मी तर म्हणायचे, हिचा नवरा हिला नांदवतो तरी कसा?"

विमला हसली. हसणं भागच होतं. हातातला ग्लास तिने खाली ठेवला, आणि खाली ठेवलेला वाईट दिसतो म्हणून पुन्हा उचलला.

"अब्बा, तुम्ही तरी सांगायचंत," झरीन म्हणाली. आत दूध तापत ठेवलेलं होतं, ती तशीच आत पळाली. पेपर एका डब्यावर राहिला. मथळा वर होता.

दोघंही काही वेळ त्या मथळ्याकडे न बघता बसली.

"ते पाण्याचं बोलणं तुमचं होतं," शेवटी विमला म्हणाली.

"हां."

"मी तुमचं नाव घेतलं नाही, चाचा. त्या मुलानं सरळ विचारलं होतं. तरी नाही घेतलं."

"मी तरी तुमचं कुठं घेतलं?" करीमने ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "पहिल्या दिवशी झरीननं विचारलं, ही बाई कोण. म्हटलं, बोर्डाचं गिऱ्हाईक. काय सांगणार होतो? नंबर घालणारा करीम आता बायकांना चित्रं शिकवतो? सगळा मोहल्ला हसला असता. म्हटलं, बाई दोन-चार गुरुवार येईल, कंटाळेल." त्याने डब्यातला रंग ढवळला. "तुम्ही कंटाळलात नाही. आणि मग सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेपण सांगायला लागतं. फळीपण आणून ठेवली बोर्डाची, घरच्यांना दिसायला."

"म्हणून प्रदर्शनाला आला नाहीत?"

"झरीन म्हणाली असती, बोर्डवालीकडे कशाला निघालात नवीन शर्ट घालून?"

विमला माफी मागायला आली होती. रस्ताभर ती स्वतःला त्यासाठी तयार करत आली होती. आणि आता मागायची वेळ आली तर तिला चक्क रुसावंसं वाटू लागलं. तीन वर्षं. ऊन असो, अंग दुखत असो, घरात पाहुणे असोत, एक गुरुवार चुकवला नाही. आणि या घरात आपण कोण, तर शिवणाच्या क्लासची चिकित्सक बाई. ती डब्यावरचा सुकलेला निळा रंग नखाने खरवडत राहिली. मग आपलं नख कशाचा राग काढतंय ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिने हात मांडीवर घेतला.

"आणि एक," करीम म्हणाला. "चूक छापलंय त्यांनी. ते आपोआप उरत नाही. हात आवरायला लागतो. मी म्हटलं होतं, उरू द्या."

"त्यांची चूक नाही," विमला म्हणाली. "मीच तसं सांगितलं."

तो 'रा' काढायला वळला. तिला वाटलं, आता उठावं. पण झरीन परत आली, एका हातात हिशेबाची जुनी वही, दुसऱ्यात पेन्सिल.

"काकी, आज मजकूर सांगूनच जा. तुमची ती फळी तीन वर्षं माझ्या न्हाणीच्या दारात उभी आहे. येताजाता पदर अडकतो. ह्यांच्यावर सोडलात तर अजून तीन वर्षं घेतील." ती पायरीवर बसली आणि वहीचं मागचं पान उघडलं. "बोला. आणि आता तरी सांगा, क्लास शिवणाचाच ना?"

करीमचा हात होडीवर थांबला होता. त्याने मान वळवली नाही.

"चित्रकलेचा," विमला म्हणाली.

"तरीच." झरीनने एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं. "येथे... चित्रकला... शिकवली... जाईल. खाली नाव तुमचं. सौ. लावू की नको?"

"करीम," विमला म्हणाली.

पेन्सिल थांबली. "कोण, आमचे अब्बा?"

"होय. पूर्ण नाव घाल."

आणि तेव्हाच तिला कळलं की पूर्ण नाव तिला माहीत नाही. 'चाचा' एवढ्यावर तीन वर्षं भागली होती. निमंत्रणाच्या पाकिटावरही तिने 'करीम पेंटर' एवढंच लिहिलं होतं, आणि लिहिताना काही कमी आहे असं वाटलंही नव्हतं.

"करीम..." ती पुन्हा म्हणाली.

करीमच्या ते लक्षात आलं. "याकूब," तो होडीकडे तोंड करूनच हळू म्हणाला.

"याकूब," विमलाने झरीनला सांगितलं.

"वस्ता."

"वस्ता."

झरीनने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "मला ठाऊक आहे हो," ती म्हणाली. "ह्यांच्याच घरात राहते मी."

पण तिने लिहिलं नाही. पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली होती आणि आता ती हसतही नव्हती. फळ्यांवर रंग लावून बघणारी बाई, दर गुरुवारी सताड उघडं ठेवलेलं शेडचं दार, तीन वर्षांची सरबतं, सगळं तिच्या चेहऱ्यावर एकेक करून जागेवर बसत गेलं.

"अब्बा," ती म्हणाली. "बोर्ड रस्त्यावर लागणार. येणारा-जाणारा वाचणार. लिहू?"

करीमने 'रा'चा काना वरपासून खालपर्यंत पूर्ण केला. ब्रश पुसला. चष्मा काढून लुंगीच्या टोकाने पुसला, आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. विमला खाली, आपल्या पायांकडे बघत होती.

"पेन्सिलीनं लिहितेस ना?" त्याने विचारलं.

"होय."

"मग लिही."